समरीनचं प्रथिन

“तू सुई बघ शिवे, बैलाचं मी बघते,” असं म्हणत समरीन गोठ्यात शिरली.

सटवाजीकाकांचा तांबडा बैल सकाळपासून कुणालाच अंगाला हात लावू देत नव्हता. काका स्वतः एकदा गव्हाणीवर आपटले होते आणि आता कोपर चोळत दारात उभे होते. समरीननं ओढणी कमरेला खोचली, डाव्या हातानं वेसण धरून बैलाचं तोंड वर केलं आणि उजव्या हातानं त्याच्या मानेखालची लोंबती कातडी, पोळी, खाजवायला लागली. तोंडानं टक् टक् असा आवाज काढत होती. बैलाचे कान सैल पडले तसं मी कातडी चिमटीत धरली आणि लस टोचली.

“नालबंदाची पोर हाय,” काका म्हणाले. “बापाचाच हात.”

२०२२ सालचा सप्टेंबर होता. सगळ्या मराठवाड्यात लंपी पसरली होती आणि मी शिरड शहापूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगाव फिरून गायीबैलांना लस टोचायचं काम माझ्याकडं होतं. समरीन माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील महेबूबचाचा बैलांना नाल ठोकायचे. औंढ्यापासून सिद्धेश्वरपर्यंत त्यांचा हात न लागलेला बैल सापडला नसता. समरीन पुण्याला एका संस्थेत संशोधन करत होती, पीएच.डी.साठी. गावात जनावरं आजारी पडायला लागली हे कळलं तेव्हा रजा टाकून आली आणि रोज सकाळी माझ्याबरोबर निघायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही.

तांबड्याचं काम झालं. पण काकांचा दुसरा बैल, पांढरा, बाहेर लिंबाखाली वेगळा बांधलेला होता. त्याला लस द्यायला आम्हाला उशीर झाला होता. अंगभर लिंबोळीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजलेले, नाकातून पाणी. नर्मदाबाईकाकू त्याच्याजवळ बसून फडक्यानं माश्या हाकत होत्या.

“समरीन,” काका म्हणाले, “तू त्या पुन्याला याच रोगावर शिकून राहिलीस म्हनं. मंग ह्याला दे की काहीतरी.”

“माझ्याकडं औषध न्हाई, काका.”

“न्हाई?”

“न्हाई.”

“मंग इतकी वर्सं काय करून राहिलीस तू तिथं?”

काकांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं. अशा वेळी आमच्या खात्यातली मंडळी एखादा मोठा शब्द फेकून मोकळी होतात. मीही केलंय तसं. समरीन मात्र खाली मातीत बसली. काकूंच्या बाजूला अंबाडीची एक दोरी पडली होती. ती तिनं उचलली.

“काका, ही दोरी दोन पदरांची. बराबर?”

“व्हय.”

“या रोगाचा जो विषाणू हाय, त्याचं सगळं गुपित अशाच एका दोरीत असतंय. डोळ्याला न दिसणारी दोरी. कसं वाढायचं, कसं पसरायचं, सगळं त्यात लिहिलेलं. बैलाच्या अंगात गेला की त्याला या दोरीच्या नकला करायच्या असत्यात. त्यासाठी ही अशी उलगडावी लागती.”

तिनं दोरीचा पीळ उलटा फिरवला. एक पदर सुटला आणि सुटताक्षणीच स्वतःभोवती वळून त्याचा गुंता झाला.

“बघा. एकेरी पदर सरळ राहतच न्हाई. आपल्यातच गुंततो. आन् असा उघडा पडला की तुटतो बी. मंग नक्कल कशी व्हायची? शिवे, धर इथं. काकू, तुमी हितं. काका, या.”

आम्ही तिघांनी जवळजवळ हात लावून तो पदर धरला, शेवटचं टोक तिनं. पदर सरळ झाला.

“आता आपून काय करून राहिलो? पदर गुंतू द्यायला न्हाई, तुटू द्यायला न्हाई. विषाणूकडं याच कामासाठी एक प्रथिन असतंय. एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं, अशी रांगच्या रांग पदरावर बसती. आन् नक्कल करणारा आला की…” तिनं मोकळ्या हाताचं बोट पदरावरून सरकवत आणलं आणि काकांच्या मुठीवर टकटक केलं. “सोडा.”

काकांनी हात काढला. बोट पुढं गेलं.

“अशी वाट देत्यात. घट्ट धरायचं, पर वेळेवर सोडायचं. ते प्रथिन दिसतंय कसं, पदराला नेमकं कुठं धरतंय, येवढंच मी शोधून राहिले.”

काकू माश्या हाकायच्या थांबल्या होत्या. “मंग त्या मेल्याचे हातच बांधून टाका की. पदराचा गुंता झाला की मरंल आपोआप.”

समरीनचा चेहरा एकदम उजळला. “तेच करायचंय, काकू! पर हात कसा हाय तेच ठाव न्हाई अजून. मूठ कशी वळती, बोटं कुठं बसत्यात. न बघता बांधायला गेलं तर आपलेच हात बांधले जातील. असली प्रथिनं बैलाच्या बी अंगात असत्यात, तुमच्या-माझ्या बी.”

“म्हंजी ह्या बैलाच्या कामाचं न्हाई ते,” काका म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. “ह्या बैलाच्या न्हाई, काका.”

मग तिनं माझ्या पिशवीतलं जखमा धुवायचं औषध आणि कापूस घेतला आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत पांढऱ्याच्या फुटलेल्या गाठी पुसत बसली. त्या आठवड्यातच तो गेला. शेताच्या कडेला खोल खड्डा खणून मीठ आणि चुना टाकून त्याला पुरलं, तेव्हा ती तिथं उभी होती. निघताना काका तिला म्हणाले, “उनात थांबू नको, घरी जा.”

याच सुमारास गावात दोन बोलणी सुरू झाली. एक असं, की हा रोग पुण्याच्या प्रयोगशाळेतून नालबंदाच्या पोरीनंच आणला. हे शुद्ध खोटं होतं. तिच्या कामात खरा विषाणू नव्हताच. त्या एका प्रथिनाचा नमुना तिथं निरुपद्रवी जिवाणूंकडून तयार करून घेत. हे मी भेटेल त्याला सांगत होते, भांडतही होते. दुसरं बोलणं असं, की महेबूबच्या हातानं रोग या गोठ्यातून त्या गोठ्यात जातो. त्यावरही मी भांडायला निघाले तेव्हा समरीननं माझा दंड धरला.

“थांब. ते सगळंच खोटं न्हाई.”

संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. चाचा अंगणात खूर तासायच्या पटाशीला धार लावत बसले होते. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीत काम होतं. समरीन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“अब्बा, लंपी जाए तलक काम बंद रखो.”

चाचांनी मान वर केली नाही. “लोगां बोल रहे इस वास्ते?”

“नै. लोगां का छोडो. मक्खियां-मच्छरां से जाती ये बीमारी, वो सच है. पर तुम एक बैल को गिराए, वहीच रस्सी दूसरे को बांधे, वहीच हाथां लगाए. जखम का पानी उससे बी जा सकता. और दस गांव के बैलां एक जगे जमा होते, वो अलग.”

पटाशी दगडावरून फिरायची थांबली. या माणसानं चाळीसेक वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. त्याच कामावर त्यांनी पोरीला औंढ्याच्या कॉलेजात, तिथून पुण्याला पाठवलं होतं.

“पक्का मालूम?”

“पक्का मालूम, अब्बा.”

“तो फिर बंद,” चाचा म्हणाले आणि उठले. चुलीवर पाणी ठेवायला सांगून त्यांनी सगळी हत्यारं उकळत्या पाण्यात टाकली आणि दोर अंगणातच जाळला.

दुसऱ्या दिवसापासून बैल घेऊन येणाऱ्याला ते रस्त्यावरच अडवायला लागले. “आमी नाल ठोकनार न्हाई. बैल घरी न्या, वेगळा बांधा, धूर करा. का म्हंजी? आमची पोरगी सांगती म्हनून!” हे शेवटचं वाक्य ते इतक्या मोठ्यानं म्हणायचे की समोरच्या हॉटेलात बसलेल्यांना ऐकू जावं. बोलणी तिथंच बंद पडली.

पुढच्या हिवाळ्यात मला खात्याच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जावं लागलं, तेव्हा समरीननं तिची प्रयोगशाळा दाखवली. मला वाटलं होतं काहीतरी झगमगीत असेल. एका थंड खोलीत प्लास्टिकच्या चपट्या पेट्या रचलेल्या होत्या. प्रत्येक पेटीत बारके खण आणि प्रत्येक खणात दवाच्या थेंबाएवढा एक थेंब.

“यात माझं प्रथिन हाय,” ती म्हणाली. “दरेक थेंबात वेगळं मीठ, वेगळी आंबटाई. कुठंतरी एका थेंबात ही सगळी प्रथिनं शिस्तीत रांगेनं बसली, की त्याचा खडा होतो. स्फटिक. त्यावर क्ष-किरण सोडले की कळतं आतला आकार कसा हाय. खडाच झाला न्हाई तर काहीच न्हाई.”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तपकिरी गाळ दिसला.

“फाटलेल्या दुधासारखं दिसून राहिलं.”

“सगळ्या पेट्यांत तेच. माझ्या आधी एक मुलगा यावर काम करत होता, तो सोडून गेला. सर चांगले हायत गं, पर ते बी म्हनून राहिले, दुसरं सोपं प्रथिन घे आन् पीएच.डी. उरकून टाक.”

“मंग घे की.”

तिनं पेटी जागेवर ठेवली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. “शिवे, प्रथिन वाईट न्हाई. त्याला मागं एक शेपूट हाय. लांब, ढिलं. ते एका जागी राहतच न्हाई. वर्गाचा फोटो काढताना एकच पोरगं हलावं ना, तसं. सगळा फोटो खराब. मी ते शेपूट कापून बघनार हाय. आन् त्याच्या हातात एकेरी पदराचा एक बारका तुकडा देनार. रिकामा हात हलतो. धरायला काही दिलं की मूठ बसंल.”

“आन् न्हाई बसली तर?”

“तर दुसऱ्या जागी कापंन.”

दुसऱ्या जागी कापलं, तिसऱ्या जागी कापलं. दर वेळी नवं जनुक, नवे जिवाणू, तोच थंड खोलीतला गाळ. तिची शिष्यवृत्ती संपली. सरांनी कुठल्यातरी प्रकल्पात तिची सोय केली. घरून लग्नाचं विचारणं येत होतं. ते ती चाचांवर सोपवायची आणि चाचा येणाऱ्यांना सांगायचे, “पोरीचा खडा जमू द्या आधी.” खडा म्हणजे काय हे पाहुण्यांना कळायचं नाही आणि ते चहा पिऊन निघून जायचे.

एका भर दुपारी मी वासराचा पाय बांधत होते आणि फोन वाजत राहिला. हात धुऊन बघितलं तर तिचा आवाज रेकॉर्ड करून आलेला. एवढंच होतं: “शिवे, आले. खडीसाखरेच्या कणाहून बारीक हायत. पर कोपरे हायत त्यांना! कोपरे!”

ते खडे गोठवून, धूर निघणाऱ्या थंड भांड्यात घालून तिनं इंदूरला नेले. तिथं क्ष-किरणांचं मोठं यंत्र आहे. पहिल्या खेपेला खडे तडकले. रिकामी परत आली. दुसऱ्या खेपेला जमलं. मग कितीतरी आठवडे ती संगणकासमोर बसून होती आणि एक दिवस फोनवर मला आकार सांगत होती. पाच पट्ट्या वळून झालेलं पिंप, या जातीच्या बऱ्याच प्रथिनांत असतं तसलं. पिंपाच्या अंगावरून गेलेली एक खोबण. पदराचा विद्युतभार ऋण, खोबणीचा धन, म्हणून पदर तिथं ओढला जातो. आणि खोबणीतल्या अणूंच्या चपट्या कड्या पदरावर लिहिलेल्या अक्षरांना चिकटून अशा बसतात, की पदराला गुंतायला जागाच उरत नाही. मला अर्धं कळलं. तिचा आवाज मात्र सगळा कळला. बैलाला पहिल्यांदा एकटीनं आवरलं होतं, शाळेत असताना, तेव्हा असाच आवाज झाला होता तिचा.

तिचा लेख लिहून होत आला होता तेव्हाच परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं तेच प्रथिन, तीच खोबण, तोच पदर छापून टाकला.

हे मला तिच्याकडून कळलं नाही, तिच्या प्रयोगशाळेत फोन केला तेव्हा कळलं. तिचा फोन बंद होता. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, “कुछ हुआ है. बोलती नै.” ईदला ती घरी आली. दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटीवर मागं बसवून सिद्धेश्वरच्या धरणावर नेलं. पाणी भरपूर होतं. दूर भोई जाळी गोळा करत होते.

“कुणी चोरलं का तुझं?” मी विचारलं.

“न्हाई गं. त्यांनी बी तेवढीच वर्सं घातली असतील. त्यांच्यात बी कुणीतरी एक असंल, गाळ बघत बसलेली.”

“मंग तुझं काहून न्हाई छापलं आधी? तुझ्या सरांनी काहून उशीर केला?”

“उशीर न्हाई केला. त्यांचं आधी झालं, बस.” ती पाण्याकडं बघत होती. “मी दोन दिवस खोलीच्या भाईर आले न्हाई. जेवले न्हाई. वाटलं, अब्बाला काय सांगू. मंग उठले, त्यांचं चित्र आन् माझं चित्र संगणकावर एकावर एक ठेवलं. शिवे, जुळलं. केसाएवढा फरक. त्यांनी मला पाह्यलं न्हाई, मी त्यांना पाह्यलं न्हाई, आन् खोबण त्याच जागी. म्हंजी ती खरंच तिथं हाय. माझ्या मनातलं न्हाई ते.”

ती रडत होती. डोळे पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं.

मी तिच्या जागी असते तर तिथंच थांबले असते. ती थांबली नाही. परदेशातल्या लोकांनीही शेपूट कापूनच काम केलं होतं आणि पुढं त्याचा विचार केला नव्हता. समरीनला आता त्या शेपटाचाच प्रश्न पडला. विषाणू फुकटचं ओझं कशाला वागवील? मग ज्या शेपटानं तिची इतकी वर्षं खाल्ली, ते पुन्हा जोडून ती कामाला लागली. या वेळी खडे नाहीत, वेगळ्या रीतीनं मोजमाप. शेवटी तिच्या हाती लागलं ते असं: हात रिकामा असला की शेपूट स्वतःच वळून खोबणीत बसतं. खरा पदर आला की बाजूला होतं. म्हणजे प्रथिनानं भलतंसलतं काही धरू नये यासाठी ते झाकण होतं.

तिचा लेख एका लहानशा नियतकालिकात आला. फारसा कुणी वाचला नसेल. पीएच.डी. मिळाली. आता ती हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवते. तिच्या वर्गातल्या पोरी फळ्यावर प्रथिनं काढतात आणि एकमेकींशी वाद घालतात, हे मी खिडकीतून बघितलं आहे. सुट्ट्यांत ती पुण्याला जाते. तिथला एक गट त्या झाकणासारखाच एखादा बारका रेणू शोधतोय, जो खोबणीत जाऊन बसेल आणि उठणारच नाही. लेख वाचून त्यांनीच तिला बोलावलं. अजून काही हाती लागलेलं नाही. कुणी विचारलं की ती तसंच सांगते, “न्हाई लागलं अजून.”

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. लंपीनंतर चाचांचं काम पुन्हा उभं राहिलं नाही. ज्यांचे बैल गेले त्यातल्या कितीतरी जणांनी पुन्हा बैल घेतलेच नाहीत, ट्रॅक्टर आले. चाचांचे गुडघेही आता खाली बसू देत नाहीत. याबद्दल त्यांना कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही. त्या दिवशी ते अंगणात खाटेवर बसले होते आणि समरीन घरात वह्या तपासत होती. मध्येच त्यांनी हाक मारली.

“समरीन, वो तेरा दिखा की. सब को दिखाती, बाप को नै दिखाई.”

ती फोन घेऊन बाहेर आली. पडद्यावर ते प्रथिन होतं, निळं पिंप आणि त्याच्या अंगावरून गेलेला नारिंगी पदर. “उंगली से फिराओ, अब्बा. चारों बाजू से दिखता.”

चाचांनी अंगठा पडद्यावर फिरवला. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवला. हातोडीनं आणि दोरानं ती कातडी इतकी टणक झाली होती की फोनला अंगठा कळतच नव्हता. त्यांनी तो लुंगीला पुसला, मग दुसरं बोट लावून बघितलं, मग त्याच्या शेजारचं. समरीननं मदतीला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

करंगळी लागली. पिंप हललं.

मग ते खाटेवर पाय लांब करून नीट बसले आणि करंगळीनं ते सावकाश फिरवायला लागले, समोरून, वरून, पाठीमागून. चहा आला होता, त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.